मुंबईतलं घर मागे ठेवताना: मृत्युपत्र करावं की ट्रस्ट?

उत्तर आधीच सांगून टाकतो. सोसायटीतला एक फ्लॅट, मुलं सज्ञान आणि आपापल्या पायावर उभी, घरात उघड वाद नाही, असं चित्र असेल तर नीट लिहिलेलं मृत्युपत्र आणि सोसायटीत नोंदवलेलं नामनिर्देशन एवढ्यावर काम भागतं. ट्रस्ट म्हणजे घर विश्वस्तांच्या नावावर करून त्यांनी ते ठरलेल्या माणसांसाठी सांभाळायचं. त्याची गरज काही ठरावीक घरांनाच पडते. त्या घरांना मात्र मृत्युपत्र खरंच अपुरं पडतं. तुमचं घर यातलं कुठलं, हे ठरवण्यासाठी पुढचा क्रम.

आधी बघा, तुमच्या हातात देण्यासारखं नेमकं काय आहे

कपाटातली फाइल काढा. नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला त्या दस्ताचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराचं बिल आणि कर्ज असेल तर बँकेचं पत्र, हे सगळं समोर ठेवा. प्रत्येक कागदावर तुमचं नाव कसं लिहिलंय ते ताडून बघा. करारावर लग्नाआधीचं नाव, सर्टिफिकेटवर नवऱ्याचं नाव जोडलेलं आणि आधारवर तिसरंच स्पेलिंग, हा प्रकार सर्रास दिसतो. तुम्ही हयात असताना एका प्रतिज्ञापत्रावर हे मिटतं. नंतर वारसांना त्यासाठी खेटे घालावे लागतात.

फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर एक गैरसमज आधी दूर करा. एक मालक गेला की दुसरा आपोआप पूर्ण मालक होतो, असं आपल्याकडे नाही. गेलेल्याचा हिस्सा त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे जातो आणि मृत्युपत्र नसेल तर वारसांकडे. म्हणून नवरा-बायकोने दोघांनीही मृत्युपत्र करायचं, आणि वेगवेगळं करायचं. एकाच कागदावर दोघांचं संयुक्त मृत्युपत्र केलं की एकाच्या पश्चात दुसऱ्याला ते बदलता येतं का, हाच नवा वाद उभा राहतो.

पागडीच्या, म्हणजे जुन्या भाडेहक्काच्या खोलीचा नियम वेगळा. भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९४ मध्येच स्पष्ट केलं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे मृत्यूसमयी भाडेकरूसोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे तो हक्क जातो. मुलगा बोरिवलीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आणि मुलगी गिरगावच्या खोलीत वडिलांजवळ राहत असेल, तर 'खोली मुलाला' हे वाक्य मृत्युपत्रात लिहून उपयोग नाही. इथे रेशनकार्ड, मतदार यादी, गॅसचं कार्ड असे राहण्याचे पुरावे जपायचे. म्हाडाच्या किंवा एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या) घराला हस्तांतराच्या स्वतःच्या अटी असतात, त्या वाटपपत्रात वाचा. अशा घरासाठी ट्रस्टचा विचार करण्याआधी संबंधित कार्यालयाला लेखी विचारून घ्या.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

बहुतेकांची गल्लत इथे होते. सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचं नाव लावलं म्हणजे घर मुलाला दिलं, असं लोक धरून चालतात. नॉमिनी हा फक्त सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा याचं उत्तर असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १५४ब-१३ नुसार नॉमिनीला तात्पुरतं सदस्य करून घेतात, ते खरे वारस किंवा मृत्युपत्राप्रमाणे हक्कदार सदस्य होईपर्यंत. मालकी मृत्युपत्र किंवा वारसा कायदाच ठरवतो.

तरीही नामनिर्देशन कराच, आणि शक्य असेल तर मृत्युपत्रात ज्याला घर देताय त्यालाच नॉमिनी करा. दोन कागदांवर दोन नावं असली की सेक्रेटरी 'कोर्टातून आणा' म्हणून मोकळे होतात. फॉर्म सोसायटीत मिळतो. तो तीन प्रतींत भरायचा आणि नोंद झाल्याची सही-शिक्क्याची प्रत परत घ्यायची. ही प्रत मागायला लोक विसरतात. पुढे समिती बदलते, दप्तर हलतं आणि फॉर्म सापडत नाही.

काहीच केलं नाही तर घर कुठे जातं

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान हिस्सा मिळतो. आई हयात असेल तर तिचाही एक वाटा असतो, हे अनेकांच्या ध्यानात नसतं. तो वाटा आईच्या पश्चात तिच्या सगळ्या वारसांत फुटतो, म्हणजे तुमच्या भावंडांतही.

बाईच्या बाबतीत कायदा आणखी चमत्कारिक आहे. मूलबाळ नसलेल्या हिंदू विधवेने स्वतःच्या पगारातून घेतलेलं घर मृत्युपत्राशिवाय राहिलं, तर ते आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. तिचे आई-वडील त्यांच्यानंतर येतात आणि भावंडांचा नंबर त्याहूनही मागे. एकटीने कमावून घर घेतलेल्या प्रत्येक बाईने मृत्युपत्र करावं, यासाठी एवढं एकच कारण पुरेसं आहे. मुस्लिम कुटुंबात, इतर वारसांची संमती नसेल तर, मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांश मालमत्तेपुरतीच व्यवस्था करता येते. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तीने लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्न होताच रद्द होतं, तेव्हा लग्नानंतर नवं करायला हवं.

आता पैशाचा हिशेब

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं. नोंदणी ऐच्छिक आहे आणि तिची फी नाममात्र. ते अमलात येतं तुमच्या मृत्यूनंतर, म्हणून हयातीत कितीही वेळा बदला.

ट्रस्टमध्ये घर आज घालायचं म्हणजे मालकी आज विश्वस्तांच्या नावावर करायची. इंडियन ट्रस्ट्स अ‍ॅक्ट, १८८२ प्रमाणे स्थावर मालमत्तेचा ट्रस्ट हयातीत करायचा तर लेखी आणि नोंदणीकृत दस्त लागतो. त्या दस्ताने मालमत्ता हस्तांतरित होत असेल तर मुद्रांक विक्रीखतासारखा लागतो, म्हणजे मुंबईत पाच टक्के आणि वर मेट्रोचा एक टक्का, तोही रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमतीवर. दोन कोटींच्या फ्लॅटला बारा लाख आणि नोंदणी फी तीस हजार. एक रुपयाचाही व्यवहार झालेला नसताना हा खर्च.

'पण बक्षीसपत्राला दोनशे रुपयेच लागतात ना?' असा प्रश्न हमखास येतो. राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये, हे खरं आहे. पण ही सवलत त्या व्यक्तींना आहे. ट्रस्टचे लाभार्थी तीच मुलं असली तरी दस्त विश्वस्तांच्या नावे होतो. कुणी 'दोनशेत ट्रस्ट करून देतो' म्हणालं तर दस्त नोंदवण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय, म्हणजे शुल्क किती लागतं याचा अधिकृत निर्णय, करून घ्या. शुल्क कमी भरलेला दस्त पुढे दंडासह वसुलीला येतो, आणि ती नोटीस तुमच्या मुलांच्या हातात पडते.

दोनशे रुपयांच्या बक्षीसपत्राबद्दल एक सांगायला हवं. स्वस्त आहे म्हणून उठून घर मुलाच्या नावावर करू नका. बक्षीस दिलं की तुम्ही मालक उरत नाही. द्यायचंच असेल तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द दस्तातच घाला. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ खाली दस्त रद्द करून घ्यायची वेळ आली, तर ती अट कागदावर असणं कामी येतं.

मृत्युपत्राच्या खर्चाची दुसरी बाजू म्हणजे प्रोबेट, मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला. मुंबईतल्या घराच्या मृत्युपत्राला हिंदू, जैन, बौद्ध, शीख, पारशी यांच्यासाठी उच्च न्यायालयाचं प्रोबेट सक्तीचं होतं, आणि ट्रस्टची जाहिरात करणाऱ्यांचं मुख्य भांडवल तेच होतं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं ते कलम २१३ वगळलं. प्रोबेट आता ऐच्छिक आहे. वाद होण्याची शक्यता असेल, किंवा खरेदीदाराची बँक अडून बसली, तर ते घ्यावं. महाराष्ट्रात प्रोबेटच्या कोर्ट फीला पंचाहत्तर हजारांची कमाल मर्यादा आहे, वकिलाची फी वेगळी. वारसांपैकी कुणी हरकत घेतली की अर्जाचा दावा होतो आणि मग वर्षं जातात. तरीही बारा लाख आज की पंचाहत्तर हजार कदाचित कधीतरी, हे गणित बहुतेक घरांत मृत्युपत्राच्या बाजूनेच सुटतं.

मग ट्रस्ट कोणी करावा

सर्वांत ठोस कारण म्हणजे स्वतःचा व्यवहार स्वतः पाहू न शकणारं अपत्य. मुलगी ऑटिस्टिक आहे, मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, आणि आई-वडिलांनंतर घर सांभाळणं, भाडं वसूल करणं, काळजी घेणाऱ्या बाईंचा पगार देणं हे कोणीतरी वर्षानुवर्षं करायचं आहे. मृत्युपत्राने घर अशा मुलाच्या नावावर येईल, पण पुढे सही कोण करणार? ट्रस्टमध्ये विश्वस्त सही करतात आणि घर मुलासाठी राहतं. सोबत राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालक नेमून घ्यायचा. विश्वस्त पैसा आणि घर बघतो, पालक माणसाला बघतो. ही कामं शक्यतो दोन वेगळ्या व्यक्तींकडे द्या.

दुसरं कारण तुमचं स्वतःचं म्हातारपण. मृत्युपत्र तुम्ही जिवंत असेपर्यंत काहीच करत नाही. स्मृतिभ्रंश झाला आणि उपचारासाठी घर भाड्याने द्यायचं किंवा विकायचं ठरलं, तर कुलमुखत्यारपत्र कामाला येईल असं वाटतं. पण देणाऱ्याची मती गेली की तेही संपतं. मग उच्च न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो. हयातीत केलेला ट्रस्ट ही अडचण टाळतो. मूल नसलेल्या किंवा एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनी मुद्रांक शुल्काची तयारी ठेवून याचा गंभीरपणे विचार करावा.

बाकी कारणं म्हणजे दुसरं लग्न आणि दोन्ही घरची मुलं, व्यसनी किंवा कर्जबाजारी मुलगा, अल्पवयीन नातवंडं. यांतली बरीच पुढे सांगितलेल्या मधल्या मार्गाने सुटतात. आणि परदेशातली मुलं हे एकटं कारण ट्रस्टला पुरेसं नाही. मुंबईत राहणारा व्यवस्थापक, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा माणूस, नेमलेलं मृत्युपत्र त्यांना पुरतं.

मृत्युपत्र लिहिताना

मृत्युपत्र वैध व्हायला करणारा सज्ञान आणि शुद्धीत हवा, त्याची सही हवी, आणि ती सही ज्यांनी पाहिली किंवा ज्यांच्यासमोर त्याने मान्य केली असे किमान दोन साक्षीदार हवेत. साक्षीदारांनी तुमच्यासमोर सही करायची. मजकूर त्यांना वाचून दाखवायची गरज नाही. लाभार्थी किंवा त्यांचे नवरा-बायको यांना साक्षीदार करू नका. वयाने तुमच्याहून लहान, पत्ता सहसा न बदलणारे, आणि वेळ आली तर कोर्टात उभे राहतील असे दोघे शोधा. सत्तरीतल्या शेजाऱ्याला साक्षीदार केलं तर तो तुमच्याआधी जाण्याची शक्यता आहे. एक साक्षीदार तुमचे नेहमीचे डॉक्टर असतील तर उत्तम. त्यांनी त्याच तारखेचं, शुद्धीत असल्याचं प्रमाणपत्रही द्यावं.

घराचं कलम साधारण असं असावं:

'बोरिवली पश्चिम येथील … सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, सदनिका क्रमांक …, चौथा मजला, चटई क्षेत्र … चौरस फूट, सिटी सर्व्हे क्रमांक …, तसेच शेअर सर्टिफिकेट क्रमांक … मधील शेअर क्रमांक … ते …, आणि स्टिल्टमधील वाहनतळ क्रमांक …, यांतील माझा संपूर्ण हिस्सा मी माझी मुलगी … हिला देत आहे. इमारतीचा पुनर्विकास झाल्यास या सदनिकेच्या बदल्यात मिळणारी नवी सदनिका, वाहनतळ, कॉर्पस आणि थकलेले भाडे हेही तिलाच मिळावे. ती माझ्याआधी मरण पावल्यास हे सर्व तिच्या मुलांना समान वाट्याने मिळावे.'

पुनर्विकासाचं वाक्य मुंबईत सोडून चालणार नाही. मृत्युपत्रात जुनी खोली क्रमांक १२ लिहिलेली, आणि मृत्यूच्या वेळी ती इमारत पाडून टॉवरमध्ये २१०३ क्रमांकाची सदनिका मिळालेली. मग 'मृत्युपत्रातली वस्तूच उरली नाही' असा युक्तिवाद दुसरा भाऊ करतो. विकासकाशी कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार झाला की मृत्युपत्र पुन्हा काढून नवे तपशील घालावेत.

पत्नीच्या हयातीपर्यंतची सोय हे दुसरं नाजूक कलम. 'घर पत्नीला देत आहे, तिच्यानंतर मुलाला' असं लिहिलं की पत्नी पूर्ण मालक झाली की नाही, यावर कज्जा उभा राहतो. दोन गोष्टींपैकी एक निवडा. तिला निर्विवाद मालक करा आणि पुढचं तिच्या मृत्युपत्रावर सोडा. किंवा मालकी मुलांना देऊन तिला हयातभर राहण्याचा हक्क द्या, आणि मेंटेनन्स, मालमत्ता कर, मोठी दुरुस्ती कोण भरणार, ती घर भाड्याने देऊ शकते का, पुनर्विकासात तिची संमती लागेल का, हे एकेका वाक्यात लिहा. आमचं मत पहिल्या पर्यायाकडे झुकतं. म्हातारपणी स्वतःच्याच घरात मुलांच्या मर्जीवर राहायची पाळी कुणावर येऊ नये.

शेवटी राहिलेल्या सगळ्या मालमत्तेसाठी एक कलम आणि व्यवस्थापकाचं नाव घाला. मुलांपैकी एकाला घर आणि दुसऱ्याला कमी देत असाल तर कारण एका वाक्यात लिहा. रागाचे शब्द नकोत, तेच पुढे वाचून दाखवले जातात. प्रत्येक पानावर सही, खाडाखोड नको, तारीख आणि ठिकाण हवं.

नोंदणी सक्तीची नाही, पण मुंबईत करावी असंच आम्ही सुचवू. दुय्यम निबंधकाकडे दोन्ही साक्षीदारांसह ओळखपत्रं घेऊन जायचं, तिथे फोटो आणि अंगठे होतात. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी अर्ज केल्यास अधिकारी घरी येतात. मात्र नोंदणीकृत आहे म्हणून ते अंतिम असं नाही. नंतरचं साधं, न नोंदवलेलं पण वैध मृत्युपत्र आधीचं नोंदणीकृत मृत्युपत्र रद्द करतं.

ट्रस्टच करायचा असेल तर

कौटुंबिक ट्रस्ट खाजगी असतो, त्यामुळे धर्मादाय आयुक्तांकडे जायची गरज नाही. ती नोंदणी सार्वजनिक न्यासांची. दस्तात ट्रस्ट करणारा, विश्वस्त, लाभार्थी, मालमत्तेचं वर्णन आणि हेतू स्पष्ट हवा. विश्वस्त किमान दोन, आणि त्यांच्यापैकी कुणी गेला किंवा थकला तर पुढचा कोण, हे नावानिशी. दस्तात वेगळं लिहिलं नसेल तर प्रत्येक निर्णयाला सगळ्या विश्वस्तांच्या सह्या लागतात. एक जण टोरांटोला असेल तर साधा भाडेकरारही अडतो.

विक्री, भाडं, कर्ज, पुनर्विकासाला संमती आणि विकासकाशी करार, हे अधिकार शब्दशः लिहा. पुनर्विकासाचा अधिकार विसरलेला ट्रस्ट सोसायटीच्या सभेत डोकेदुखी ठरतो. खाजगी ट्रस्ट ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती नाही. शेअर सर्टिफिकेट विश्वस्तांच्या नावे होतं, म्हणून दस्ताचा मसुदा आधीच समितीला दाखवा. कर्ज असेल तर बँकेची परवानगी दस्ताआधी.

रद्द करता येणारा ट्रस्ट केलात तर घराचं उत्पन्न तुमच्याच उत्पन्नात धरून कर लागतो. कोणाला किती द्यायचं हे विश्वस्तांच्या मर्जीवर सोडलेल्या ट्रस्टला सहसा कमाल दराने कर बसतो. घर भाड्याने दिलेलं असेल तर हे ठरवण्याआधी सीएला बसवा. पॅन, बँक खातं आणि दरवर्षीचं विवरणपत्र हा खर्च कायमचा आहे.

मधला मार्ग: मृत्युपत्रातून ट्रस्ट

मृत्युपत्रातच लिहायचं, की माझ्यानंतर हे घर अमुक दोन विश्वस्तांकडे जावं आणि त्यांनी ते अमक्यासाठी सांभाळावं. ट्रस्ट तुमच्या मृत्यूनंतर जन्माला येतो, त्यामुळे आज मुद्रांक शुल्क नाही. अल्पवयीन नातवंडं, व्यसनी मुलगा, दुसऱ्या लग्नाची गुंतागुंत, यांना ही व्यवस्था पुरते. विशेष मुलांचे आई-वडील याचीच पुढची पायरी वापरतात. आज दहा-वीस हजार रुपये घालून छोटा ट्रस्ट सुरू करायचा, पॅन आणि खातं काढायचं, विश्वस्तांना सवय होऊ द्यायची आणि मृत्युपत्राने घर त्या ट्रस्टच्या विश्वस्तांना द्यायचं. यात तुमच्या स्मृतिभ्रंशाच्या काळातली घराची सोय तेवढी होत नाही.

मागे राहिलेल्यांनी काय करायचं

महापालिकेचा मृत्यू दाखला घ्या, प्रती भरपूर काढा. मूळ मृत्युपत्र कुणाच्या हाती देऊ नका, सोसायटीला साक्षांकित प्रत द्या. सहा महिन्यांच्या आत सदस्यत्वाचा अर्ज, मूळ शेअर सर्टिफिकेट आणि हमीपत्र जमा करा. हरकती मागवायला सोसायटी दोन स्थानिक वर्तमानपत्रांत नोटीस छापायला सांगू शकते. वारस किंवा नॉमिनीच्या नावे हस्तांतरात अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) आकारता येत नाही. सेक्रेटरींनी पंचवीस हजार मागितले तर आदर्श उपविधीतला, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीतला, ३८ क्रमांकाचा उपविधी दाखवा. घर एकाच वारसाकडे जाणार असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर बाकीच्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं. जवळच्या नात्यात त्यालाही मुद्रांक नाममात्रच लागतो.

मूळ कागद कुठे आहे हे व्यवस्थापकाला माहीत हवं. एकट्याच्या नावच्या लॉकरमध्ये मृत्युपत्र ठेवू नका, कारण तो लॉकर उघडायला बँक वारसाहक्काचे कागद मागते, आणि ते कागद आत असतात.